पांढऱ्या पेशींची वाढ : कर्करुग्णाच्या रक्त-अहवालाचा अर्थ

कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या हाती दर काही दिवसांनी एक छापील कागद येतो. त्यावर रक्तातील निरनिराळ्या पेशींची संख्या नोंदविलेली असते. मोठ्या शहरातील रुग्णालयात उपचार घेऊन गावी परतलेला रुग्ण हीच तपासणी पुढे तालुक्याच्या ठिकाणी करून घेतो आणि अहवाल समजून घेण्यासाठी बहुधा शाळेतील गुरुजींकडे, ग्रामसेवकाकडे किंवा पंचायतीच्या एखाद्या जाणत्या सदस्याकडे येतो. पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे बाणाची खूण असते, म्हणजे आकडा प्रमाणापेक्षा जास्त आहे. तो पाहून घरातील कोणी म्हणतो, 'कर्करोग आता रक्तात उतरला.' दुसरा म्हणतो, 'पांढऱ्या पेशी रोगाशी लढतात. त्या वाढल्या हे बरेच झाले.'

हे दोन्ही समज अपुरे आहेत आणि दोन्हींमुळे रुग्णाचे नुकसान होऊ शकते. पहिल्या समजामुळे हताश होऊन चालू उपचार सोडून दिले जातात. दुसऱ्यामुळे, ज्या रुग्णाला त्याच दिवशी रुग्णालयात नेणे आवश्यक असते तो घरीच राहतो. वस्तुतः पांढऱ्या पेशींची वाढ हा स्वतंत्र रोग नव्हे. ती एक खूण आहे आणि तिच्यामागील कारण शोधल्याखेरीज तिचा अर्थ लागत नाही. ही कारणे कोणती, ती कशी ओळखली जातात आणि गावपातळीवरील कार्यकर्त्याने अशा वेळी काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेशी कोठे तयार होतात?

रक्तातील लाल पेशी शरीरभर प्राणवायू पोहोचवितात, प्लेटलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूक्ष्म बिंबिका रक्त गोठण्यास मदत करतात आणि पांढऱ्या पेशी जंतूंपासून शरीराचे रक्षण करतात. या तिन्हींचे जन्मस्थान एकच, ते म्हणजे हाडांच्या पोकळीतील मऊ मज्जा. निरोगी प्रौढ माणसाच्या एक घनमिलिमीटर रक्तात लाल पेशी सुमारे ४५ ते ५० लाख असतात, तर पांढऱ्या पेशी केवळ ४,००० ते ११,००० असतात. प्रयोगशाळेनुसार या मर्यादांत थोडा फरक पडतो.

पांढऱ्या पेशींचे पाच मुख्य प्रकार आहेत. त्यांपैकी न्यूट्रोफिल या पेशी सर्वांत अधिक, म्हणजे शेकडा ४० ते ७५ असतात. जंतूंवर पहिला हल्ला त्या करतात. त्यांच्या खालोखाल लिंफोसाइट शेकडा २० ते ४० असतात. मोनोसाइट, इओसिनोफिल आणि बेसोफिल यांचे प्रमाण अल्प असते.

न्यूट्रोफिल पेशीचे रक्तातील वास्तव्य काही तासांपासून फार तर एखाद्या दिवसाचे असते. त्यामुळे मज्जेला रोज सुमारे दहा हजार कोटी नव्या न्यूट्रोफिल पेशी तयार कराव्या लागतात. याखेरीज मज्जेत तयार पेशींचा मोठा साठा असतो. रक्तवाहिन्यांच्या आतील भिंतींनाही कितीतरी पेशी चिकटून राहिलेल्या असतात आणि त्या नेहमीच्या मोजणीत येत नाहीत. साठ्यातील पेशी बाहेर पडल्या किंवा भिंतींवरील पेशी सुटून प्रवाहात आल्या, तर काही तासांतच आकडा दुप्पट झालेला दिसू शकतो. सोमवारचा आणि गुरुवारचा अहवाल यांत मोठे अंतर पडले म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही, ते यासाठीच.

मज्जा आपण होऊन उत्पादन वाढवीत नाही. शरीराच्या अन्य भागांतून रासायनिक संदेश येतात आणि त्या मागणीप्रमाणे ती पेशी पुरविते. या संदेशांपैकी एक महत्त्वाचा पदार्थ वैद्यकात 'जी.सी.एस.एफ.' या संक्षिप्त नावाने ओळखला जातो. कर्करुग्णाच्या बाबतीत विचारावयाचा मुख्य प्रश्न म्हणूनच असा की, ही वाढीव मागणी कोणी केली?

पावणेदोनशे वर्षांपूर्वीचा प्रश्न

हा प्रश्न वैद्यकाला प्रथम पडला तो १८४५ मध्ये. त्या वर्षी एडिंबरो येथील डॉ. जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिन येथील डॉ. रुडॉल्फ व्हिर्को यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, प्रत्येकी एका मृत रुग्णाची माहिती प्रसिद्ध केली. दोघांच्याही प्लीहा, म्हणजे पाणथरी, फार वाढलेल्या होत्या आणि रक्तात पुवासारख्या दिसणाऱ्या पेशींची गर्दी होती. बेनेट यांनी ती रक्तातील पुवाची अवस्था मानली. व्हिर्को यांना मात्र शरीरात पू निर्माण करणारी कोणतीही जखम आढळली नव्हती. हा रक्ताचाच बिघाड असावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला. या विकाराला त्यांनी 'पांढरे रक्त' म्हटले आणि १८४७ मध्ये त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून 'ल्यूकेमिया' हे नाव रूढ केले. मराठीत आपण त्याला रक्ताचा कर्करोग म्हणतो.

पुढे १८७० नंतरच्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ पॉल एर्लिक यांनी रक्तपेशींना रंग देऊन त्यांचे प्रकार ओळखण्याची पद्धत विकसित केली. पेशी किती आहेत याबरोबरच त्या कोणत्या आहेत हेही त्यामुळे कळू लागले. वाढ जंतुसंसर्गामुळे आहे की रक्ताच्याच विकारामुळे, याचा निवाडा करण्यासाठी आजही काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून, त्याला रंग देऊन, सूक्ष्मदर्शकाखाली तो पाहण्यास पर्याय नाही. स्वयंचलित यंत्रे मोजणी झपाट्याने करतात, परंतु क्वचित प्रसंगी अपक्व लाल पेशींनाही ती पांढऱ्या पेशी समजतात. म्हणून असाधारण आकड्याची खातरजमा काचपट्टीवरूनच करून घेतात.

वाढीची चार मुख्य कारणे

पहिले कारण म्हणजे औषधे. केमोथेरपी या रसायनोपचाराने कर्कपेशींबरोबरच मज्जेतील झपाट्याने वाढणाऱ्या पेशीही मरतात आणि पांढऱ्या पेशींची संख्या घटते. ती भरून काढण्यासाठी अनेक रुग्णांना जी.सी.एस.एफ. याच पदार्थाची इंजेक्शने दिली जातात. अमेरिकेत या औषधास १९९१ मध्ये मान्यता मिळाली आणि पुढे त्याचा वापर सर्वत्र सुरू झाला. इंजेक्शनानंतर काही दिवस हाडे दुखतात आणि पांढऱ्या पेशी ३०,००० किंवा ५०,००० च्याही वर जाऊ शकतात. येथे मागणी डॉक्टरांनीच केलेली असते. औषध थांबले की आकडा आपोआप उतरतो. उलट्या थांबविण्यासाठी किंवा मेंदूवरील सूज उतरविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या डेक्सामेथासोनसारख्या स्टिरॉइड औषधांनीही संख्या वाढते. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या पेशी त्यामुळे सुटून प्रवाहात येतात.

दुसरे कारण म्हणजे जंतुसंसर्ग. कर्करुग्णाची प्रतिकारशक्ती रोगाने आणि उपचारांनी दुबळी झालेली असते. फुप्फुसाचा दाह, मूत्रमार्गातील संसर्ग, शस्त्रक्रियेच्या जखमेत झालेला पू, शिरेत बसविलेल्या नळीतून शिरलेले जंतू अशी अनेक निमित्ते असतात. क्षयरोगही या यादीत येतो. अशा वेळी मज्जा घाईने अपक्व पेशीही बाहेर सोडते आणि काचपट्टीवर त्या दिसतात.

तिसरे कारण म्हणजे खुद्द कर्करोगाची गाठ. काही गाठी स्वतःच जी.सी.एस.एफ.सारखे पदार्थ तयार करून रक्तात सोडतात आणि मज्जेला जणू खोटी मागणी पाठवितात. १९७७ मध्ये जपानमधील संशोधकांनी माणसाच्या फुप्फुसातील कर्कगाठीचे उंदरांमध्ये रोपण केले आणि अशा उंदरांच्या रक्तात तसेच गाठीच्या पेशीजालात हा उत्तेजक पदार्थ असल्याचे दाखविले. हा प्रकार फुप्फुसाच्या कर्करोगात विशेष आढळतो, तथापि मूत्राशयाच्या आणि इतर अवयवांच्या कर्करोगांतही तो दिसून आला आहे. रुग्णाला ताप नसतो, जंतू सापडत नाहीत, प्रतिजैविकांनी आकडा उतरत नाही आणि तरीही पांढऱ्या पेशी वाढतच राहतात.

चौथे कारण म्हणजे रक्ताचा कर्करोग. येथे बाहेरून कोणीही मागणी केलेली नसते. मज्जेतील एखाद्या पेशीतच बिघाड होऊन ती अनिर्बंध वाढू लागते. अशा पेशी संख्येने अफाट असल्या तरी रक्षणाचे काम नीट करीत नाहीत. म्हणूनच तीव्र स्वरूपाच्या रक्ताच्या कर्करोगात लाखावर पांढऱ्या पेशी असलेला रुग्ण साध्या संसर्गानेही दगावू शकतो. 'पेशी वाढल्या म्हणजे ताकद वाढली' हा समज किती फसवा आहे, हे यावरून लक्षात यावे.

७५८ रुग्णांची पाहणी

या कारणांचे परस्परप्रमाण काय असते, याची कल्पना देणारी एक पाहणी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरातील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. रक्ताखेरीज अन्य अवयवांचा कर्करोग असलेल्या आणि पांढऱ्या पेशी ४०,००० च्या वर गेलेल्या ७५८ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. शेकडा ६९ रुग्णांमध्ये वाढीचे कारण पेशीवर्धक इंजेक्शने हे होते. जंतुसंसर्ग शेकडा १५ जणांत, अधिक मात्रेतील स्टिरॉइड शेकडा ५ जणांत आणि गाठीने स्वतः घडवून आणलेली वाढ शेकडा १० जणांत आढळली. नव्याने उद्भवलेला रक्ताचा कर्करोग अवघ्या शेकडा एका रुग्णात होता.

ही प्रमाणे एका मोठ्या परदेशी रुग्णालयातील आहेत, आपल्याकडे ती जशीच्या तशी लागू करता येणार नाहीत. तरीसुद्धा त्यांतून दोन बोध घेण्यासारखे आहेत. एक असा की, 'कर्करोग रक्तात उतरला' ही जी भीती घरोघर बोलून दाखविली जाते, ती या पाहणीत सर्वांत दुर्मीळ ठरली. दुसरा बोध गंभीर आहे. ज्यांच्यात गाठीमुळेच वाढ झाली होती, ते रुग्ण त्या वेळी वरवर स्थिर दिसत होते. पण त्यांच्यापैकी तीन-चतुर्थांशांहून अधिक रुग्ण १२ आठवड्यांच्या आत मरण पावले किंवा त्यांना अखेरच्या दिवसांतील शुश्रूषेसाठी पाठवावे लागले. अधिक काळ जगले ते थोडे रुग्ण मूळ गाठीवर परिणामकारक उपचार झालेले होते.

समजा, एकाच गावातील दोन रुग्णांच्या अहवालात ४५,००० हाच आकडा आला. स्तनाच्या कर्करोगावर रसायनोपचार घेणाऱ्या एका भगिनीला चार दिवसांपूर्वी पेशीवर्धक इंजेक्शन दिलेले आहे, तर फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या एका गृहस्थांना असे कोणतेही औषध दिलेले नाही. पहिला अहवाल औषधाचा अपेक्षित परिणाम दर्शवितो, दुसरा तातडीच्या तपासणीची निकड. दोन्ही कागदांवर बाणाची खूण मात्र सारखीच असते.

माफक वाढीलाही अर्थ असतो. रसायनोपचार सुरू होण्यापूर्वीच पांढऱ्या पेशी ११,००० पेक्षा अधिक असतील, तर पायाच्या किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी होण्याचा संभव वाढतो. २००८ पासून डॉक्टर या धोक्याचा अंदाज घेताना जे मुद्दे विचारात घेतात, त्यांपैकी हा एक आहे. एका पायाला अचानक सूज येणे किंवा एकाएकी धाप लागणे ही लक्षणे म्हणून दुर्लक्षिता कामा नयेत.

लाखाच्या पुढे

संख्या एक लाखाच्या पुढे गेल्यास ती अतिवृद्धी समजली जाते. हा प्रकार प्रामुख्याने रक्ताच्या कर्करोगात घडतो. तीव्र प्रकारातील अपक्व पेशी आकाराने मोठ्या आणि ताठर असतात. फुप्फुस आणि मेंदू यांतील केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकून बसतात. धाप लागणे, डोके दुखणे, दृष्टी अंधुक होणे, बोलण्यात गोंधळ होणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे होत. अशा रुग्णास तासांच्या हिशेबाने रुग्णालय गाठावे लागते. तेथे शिरेवाटे पुरेसे द्रव देऊन आणि औषधांनी पेशींची संख्या उतरवितात, तसेच आवश्यक तेथे यंत्राद्वारे पांढऱ्या पेशी रक्तातून काढून घेतात. रुग्ण फिकट दिसतो म्हणून घाईने रक्त चढविण्याचा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. त्याने रक्त अधिक दाट होऊन धोका वाढू शकतो.

मंदगतीच्या रक्ताच्या कर्करोगात मात्र हाच आकडा असलेला रुग्ण चालत-बोलत दवाखान्यात येतो. डाव्या बरगडीखाली जडपणा, भूक मंदावणे, वजन घटणे एवढ्याच त्याच्या तक्रारी असतात. या रोगाची हकीकत आशादायक आहे. १९६० मध्ये फिलाडेल्फिया येथील पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना अशा रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र आढळले. १९७३ मध्ये शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली यांनी दाखवून दिले की, ९ व २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे परस्परांत बदलले गेल्याने हा दोष निर्माण होतो. या दोषावर नेमके काम करणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. भारतात तिच्या पेटंटचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १ एप्रिल २०१३ च्या निर्णयाने परदेशी कंपनीचा दावा फेटाळला गेला आणि भारतीय कंपन्यांची स्वस्त गोळी रुग्णांना मिळत राहण्याचा मार्ग मोकळा झाला.

या गोळीच्या बाबतीत एक चूक वारंवार घडते. काही आठवड्यांत पांढऱ्या पेशी प्रमाणात येतात आणि 'आता बरे वाटते' म्हणून रुग्ण गोळी बंद करतो. आकडा सुधारला तरी सदोष पेशी मज्जेत शिल्लक असतात. त्या पुन्हा वाढतात आणि काही वेळा औषधाला दाद देईनाशा होतात. वाढलेल्या आकड्याने खचून जाणे जितके चुकीचे, तितकेच उतरलेल्या आकड्याने निर्धास्त होणेही चुकीचे आहे.

गावपातळीवर काय करता येईल?

अहवालाचे निदान करणे हे शिक्षकाचे किंवा पंचायत सदस्याचे काम नव्हे. परंतु रुग्ण योग्य वेळी योग्य ठिकाणी पोहोचेल, एवढे त्यांच्या हाती निश्चित आहे. त्यासाठी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. आकडा कोणत्या परिमाणात लिहिला आहे, ते प्रथम पाहावे. काही प्रयोगशाळा १२,५०० लिहितात, तर काही हजाराच्या हिशेबाने १२.५ असे लिहितात. या दोहोंचा अर्थ एकच आहे.

२. सर्व अहवाल तारीखवार एका फाइलीत ठेवण्यास सांगावे. एकट्या आकड्यापेक्षा तीन-चार अहवालांतून दिसणारा कल डॉक्टरांना अधिक उपयोगी पडतो. गेल्या पंधरवड्यात कोणती इंजेक्शने व गोळ्या दिल्या, याची चिठ्ठीही सोबत असावी.

३. अहवालाच्या शेवटी काचपट्टीविषयी शेरा असल्यास तो वाचावा. त्यात 'ब्लास्ट' किंवा अपक्व पेशी असा उल्लेख असेल, तर अहवाल त्याच दिवशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावा.

४. रसायनोपचार घेणाऱ्या रुग्णाला १००.४ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३८ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक ताप आला, तर रक्ताच्या अहवालाची वाट न पाहता त्याला रुग्णालयात न्यावे. रसायनोपचारानंतर साधारण ७ ते १४ दिवसांच्या काळात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात आणि अशा वेळी ताप हे एकमेव लक्षण असू शकते. डॉक्टरांना न विचारता तापाची गोळी दिल्यास ते लक्षणही झाकले जाते.

५. घरात उरलेली प्रतिजैविके किंवा स्टिरॉइड गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नयेत. आकडा वाढला एवढ्याच कारणावरून चालू उपचारही थांबवू नयेत.

६. खर्चाच्या चिंतेने रुग्ण घरी राहत असेल, तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतील अंगीकृत रुग्णालयांची माहिती त्याला द्यावी. कर्करोगावरील उपचारांचा या योजनेत समावेश आहे. शिधापत्रिका व ओळखपत्र यांची पूर्तता करून देण्यात ग्रामपंचायतीचे साहाय्य मोलाचे ठरते.

शिक्षकांनी आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. वर्गातील एखादे मूल फिकट दिसू लागले, वारंवार तापाने गैरहजर राहू लागले, मार न लागता अंगावर निळे-काळे डाग दिसू लागले किंवा हाडे दुखतात असे ते सांगू लागले, तर पालकांना रक्ततपासणीचा सल्ला द्यावा. मुलांमधील रक्ताच्या कर्करोगाचा जो प्रकार सर्वाधिक आढळतो, तो वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाल्यास बहुसंख्य मुलांत बरा होऊ शकतो.

अहवाल वाचून दाखविणाऱ्याने आणखी एक पथ्य पाळणे आवश्यक आहे. रुग्णाचा अहवाल ही त्याची खाजगी बाब आहे. ती चावडीवर किंवा चारचौघांत वाचली जाऊ नये. एकदा 'रक्ताचा कर्करोग' हा शब्द गावभर झाला की, पुढे तो चुकीचा ठरला तरी त्या कुटुंबाला त्याचा त्रास दीर्घकाळ होतो.

मुंबईत परळ येथे १९४१ मध्ये सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात राज्याच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येत आले आहेत. तेथे आणि राज्यातील इतर केंद्रांत रोगाचे निदान होते, उपचाराची दिशा ठरते. परंतु दोन उपचारांच्या मधले दिवस रुग्ण आपल्या गावात, आपल्या घरी काढतो. त्या दिवसांत हाती आलेल्या कागदावरील एका आकड्याने त्याने उपचार सोडावेत की वेळीच डॉक्टर गाठावा, हे बरेचदा त्याच्या शेजारी बसून तो कागद वाचणाऱ्या माणसाच्या दोन शब्दांवर अवलंबून राहते. 'घाबरू नका, पण आजच डॉक्टरांना दाखवा,' हे ते दोन शब्द होत.